हलके शिवणयंत्र घेताना

भगिनींनो, सुगीचे पैसे हातात आले की घरात शिवणयंत्राचा विषय निघतो. उसवलेला सदरा, परकर, उशीचे अभ्रे एवढेच शिवायचे असेल, तर पाच-सहा किलोचे विजेवरचे हलके यंत्र पुरते. काम झाले की फळीवर ठेवता येते. मात्र जाड गोधडी त्यावर घालू नये. सुई मोडते, मोटार तापते. पोत्याला तर दाभण-सुतळीच बरी. रोज जाडेभरडे शिवायचे असेल किंवा वीज बेभरवशाची असेल, तर ओतीव लोखंडाचे पायाचे यंत्र घ्यावे.

दुकानात घरच्याच कापडाचे तुकडे न्यावेत. चार पदरांवर स्वतः टीप मारून पाहावी. वरचे-खालचे टाके सारखे पडले पाहिजेत. बॉबिन, सुया जवळपास मिळतात का, दुरुस्ती कोण करतो, हे पैसे मोजण्याआधी विचारावे. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, जाडाला १६ नंबरची सुई लावावी. बॅटरीवरच्या खेळण्यासारख्या यंत्राच्या नादी लागू नये.

आणि कारभाऱ्यांनो, बैल घेताना तो आपण औताला जुंपून पाहतो. यंत्र घरधनीण चालवणार आहे. तेव्हा पारख तिलाच करू द्या.