‘स्वस्तात राजेशाही’ : एका आळशी शब्दप्रयोगाविरुद्ध

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय मोटारींचा असला तरी भांडण इतिहासाचे आहे.

जुन्या मोटारींच्या चाहत्यांत एक यादी वर्षातून दोनचारदा तरी फिरते. १९७० च्या दशकातील हातबांधणीच्या, मोजक्याच संख्येने घडवलेल्या आलिशान मोटारी, आणि त्यांची आजची ‘अविश्वसनीय’ किंमत. रोल्स-रॉइसची कामार्ग, अमेरिकेची स्टुट्झ ब्लॅकहॉक, स्वित्झर्लंडची मोन्तेवेर्दी. यादीखाली दोन पक्ष ठरलेले असतात. पहिला म्हणतो, संधी साधा, ही राजेशाही मातीमोल भावात चालली आहे. दुसरा म्हणतो, कुरूप आहेत म्हणून स्वस्त आहेत, बाजाराने योग्य तोच निवाडा केला. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी कितीही भांडले तरी त्यांची चूक एकच आहे. बाजारभावाला ते इतिहासाचा निकाल समजतात.

आधी हातबांधणी म्हणजे काय ते पाहू. पुण्याच्या आसपासच्या महामार्गांवर तुम्ही ते दृश्य पाहिलेच असेल : ट्रकची नुसती चॅसी धावते आहे, ना केबिन ना हौदा, आणि उघड्या आसनावर हेल्मेट घातलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला चालक. ती चॅसी बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेली असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातली श्रीमंत मोटार नेमकी अशीच जन्माला येत असे. रोल्स-रॉइस इंजिन आणि चॅसी विके. बॉडी कुणाकडून, कोणत्या आकाराची बांधून घ्यायची हे गिऱ्हाईक ठरवी. हूपर, एच. जे. मलिनर, पार्क वॉर्ड, जेम्स यंग ही त्या कारागिरांची घराणी. ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर हातोडीने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि रंगाचे थरावर थर.

या विद्येचा अंत ना करांनी केला, ना समाजवादाने. तो एका अभियांत्रिकी बदलाने केला. चॅसी आणि बॉडी एकजीव झाल्या. १९६५ साली रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडो आणली. तिला स्वतंत्र चॅसीच नव्हती. ज्या पाटावर कारागीर बसत होता तो पाटच काढून घेतला गेला. हूपरने १९५९ मध्येच बॉडी बांधणे थांबवले होते, इटलीतील तूरिंग १९६६ मध्ये बंद पडली, आणि रोल्स-रॉइसने विकत घेतलेली दोन घराणी १९६१ मध्ये ‘मलिनर पार्क वॉर्ड’ या एका नावाखाली एकत्र आली. म्हणजे यादीतल्या या मोटारी घडल्या तेव्हा त्या घडवणारी परंपरा अखेरच्या घटका मोजत होती. ज्यांना आपण ‘थिल्लर सत्तरी’चे अपत्य म्हणून हसतो, त्या मोटारींवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील कारागिरीच्या शेवटच्या वारसांचे हात फिरलेले आहेत.

कामार्गकडे थोडे थांबून पाहावे लागेल, कारण सर्वाधिक थट्टा तिच्याच वाट्याला आली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण मोटारी नव्हेत, आरबी २११ या विमान-इंजिनाचा खर्च. मोटार विभाग वेगळा काढून वाचवण्यात आला. त्याच सुमारास कंपनी आपल्या सर्वांत महाग मोटारीची आखणी तुरिनच्या पिनिनफरीनाकडे देऊन बसली होती. तिथे पाओलो मार्तिनने जे रेखाटले ते १९७५ च्या मार्चमध्ये जगासमोर आले. किंमत २९,२५० पौंड. मधल्या काळात, १९७३ च्या ऑक्टोबरात, तेलसंकट येऊन गेले होते आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला होता. अशा वेळी पावणेसात लिटरचे इंजिन असलेली दोन दरवाजांची ही अवाढव्य मोटार विकणार कुणाला?

ती विकली गेली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने कान टवकारायचे ते इथेच. १९८६ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे ती बनत राहिली. एकूण सुमारे ५३०. तेलसंकटाने एका वर्गाची पेट्रोलची टाकी रिकामी केली आणि दुसऱ्या वर्गाची तिजोरी भरली. स्टुट्झने रोयाल नावाची महाकाय लिमोझिन बांधली, त्यांतली एक सौदी अरेबियाचा राजा खालिद याच्यासाठी होती. डॉलर, पौंड आणि तेल यांच्यातील त्या दशकाची उलथापालथ समजावणारे आलेख मी अभ्यासक्रमात पुष्कळ पाहिले. या दोन मोटारींनी ती मला अधिक लवकर समजावली.

आता सौंदर्याविषयी. कामार्ग मलाही सुंदर वाटत नाही. तिची जाळी अकारण मोठी आहे आणि तिच्या बाजूच्या रेषा मार्तिननेच आखलेल्या फियाट १३० कूपेवर अधिक शोभतात. परंतु ‘मला आवडत नाही’ हे विधान माझ्याविषयी आहे. उत्तर पेशवाईतील भित्तिचित्रे आपल्याला भडक वाटली म्हणून आपण ती खरवडून काढत नाही.

स्टुट्झवरचा आक्षेप वेगळा, आणि अधिक गंभीर. ‘आतून ती साधी पॉन्टियाक आहे, वरून इटालियन मुखवटा.’ वस्तुस्थिती अशी : इंडियानापोलिसचे हे जुने नाव तिसाच्या दशकात बुडाले होते. न्यूयॉर्कच्या जेम्स ओ’डॉनेल या बँकरने ते पुन्हा उभे केले, क्रायसलरचा माजी मुख्य आरेखक व्हर्जिल एक्स्नर याने आकार दिला, आणि जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात ती सादर झाली. पॉन्टियाकची यंत्रणा अमेरिकेची, बॉडी इटलीत हाताने घडवलेली. यात फसवणूक कुठे आहे? दुसऱ्याच्या चॅसीवर आपली बॉडी चढवणे हीच तर या धंद्याची मूळ रीत. एल्व्हिस प्रेस्लीने तिच्या पहिल्या प्रतींपैकी एक घेतली. १६ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे, मृत्यूच्या काही तास आधी, तो ग्रेसलँडच्या फाटकातून आत गेला तोही ब्लॅकहॉकनेच.

मग या मोटारी स्वस्त का? उत्तर कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल. पॉन्टियाकचे इंजिन किंवा सिल्व्हर शॅडोची यंत्रणा दुरुस्त करता येते, सुटे भाग मिळतात. पण दाबयंत्राच्या साच्यातून निघालेला दरवाजा आणि ठोकून, घासून, त्याच गाडीच्या चौकटीत बसवलेला दरवाजा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दुसऱ्याचा भाग पहिल्याला जसाच्या तसा बसेलच असे नाही. गंज लागला, काच फुटली, कातडे उसवले, की काम पुन्हा हातानेच, आणि ते हात उरलेले नाहीत. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीला मागे टाकतो. गिऱ्हाईक जी सवलत मिळाली म्हणून खूश होते, ते प्रत्यक्षात न भरलेले दुरुस्तीचे बिल असते.

यातून पुढचे घडते ते वाईट. मोठ्या हौसेने ‘स्वस्तात’ घेतलेली मोटार दोन वर्षांत अंगणात उभी राहते, मग तिचे इंजिन काढले जाते, मग दिवे, मग आसने. जुना वाडा पाडून त्याचे खांब आणि दरवाजे वेगवेगळे विकावेत, तशी. खांब कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभतो. वाडा मात्र गेलेला असतो. ‘स्वस्त’ हा शब्द म्हणून मला निरुपद्रवी वाटत नाही. आज तोडायला हरकत नाही असे तो हळूच सांगत असतो.

बाजार कधीकधी किती चुकतो याचे उदाहरण मोटारींतलेच देतो. बुगाटीच्या रोयाल या राजेशाही मोटारी फक्त सहा बनल्या. महामंदीत त्यांतल्या तीनच विकल्या गेल्या. त्यांपैकी एकीची बॉडी म्यूनिकच्या लुडविग वाइनबर्गरने डॉ. जोसेफ फुक्स यांच्यासाठी बांधली होती. डॉक्टर जर्मनी सोडून शांघायमार्गे न्यूयॉर्कला पोचले, मोटारही मागोमाग गेली, थंडीत इंजिनाला तडा गेला, आणि ती भंगारवाल्याकडे पडली. १९४३ मध्ये जनरल मोटर्सचे अभियंते चार्ल्स चेन यांनी तिथून ती सुमारे ४०० डॉलरना उचलली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिचीच एक बहीण १९८७ मध्ये लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली. चेनसाहेबांच्या जागी पितळ आणि ॲल्युमिनियम किलोवर मोजणारा कुणी पोचला असता, तर त्या भावात तोही व्यवहार ‘फायद्याचा’च ठरला असता.

कामार्ग उद्या कोटींना जाईल असे मी म्हणत नाही. बहुधा जाणार नाही, आणि त्याने माझ्या मुद्द्याला काही फरक पडत नाही. माझ्याकडे स्वतःची सायकल आणि वडिलांची दुचाकी आहे. हा गुंतवणुकीचा सल्ला नव्हे. ‘मोटार हा काही इतिहासाचा विषय नव्हे’ असे मला एका चर्चासत्रात ऐकवले गेले होते. तिथे मोडी कागदपत्रांच्या जतनावर तासभर कळकळीने बोलणे झाले होते. वस्तू हेही साधन असते, हे आपण नाणी आणि तोफांच्या बाबतीत मान्य करतो. इंजिन बसवले की ते साधन का राहत नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी जुन्या मोटारींच्या मेळाव्याला गेलात तर बॉनेटवरच्या पुतळीसोबत छायाचित्र काढून परत फिरू नका. दरवाजाच्या फटी पाहा, पत्र्याचा सांधा कुठे आहे ते शोधा, मालकाची परवानगी घेऊन चॅसी क्रमांक टिपा. आणि मालकापेक्षा, मागे उभ्या असलेल्या, हाताला ग्रीस लागलेल्या माणसाशी बोला. पत्रा ठोकायला तो कुणाकडून शिकला, ते गुरू कुठे होते, कोणती हत्यारे आता मिळत नाहीत, हे विचारा. संमती असेल तर ध्वनिमुद्रण करा. असे काही टिपण तुमच्याकडे आधीच असेल, तर याच धाग्याखाली जोडा.