दुबईच्या बॅगेत काय भरायचं?

दुबई विमानतळावर भारतात येणाऱ्या विमानांच्या काउंटरजवळ एक दृश्य हमखास दिसतं. जमिनीवर उघडलेली बॅग, तिच्याभोवती बसलेलं अख्खं कुटुंब आणि "हे तुझ्या बॅगेत टाक, माझी दोन किलोनं जास्त भरतेय" अशी घाईघाईची अदलाबदल. ब्लँकेट बाहेर, खजूर आत. शेवटी कुणीतरी अंगात दोन जॅकेटं घालून विमानात चढतं, तेही मे महिन्यात.

एवढा आटापिटा कशासाठी? "तिकडे स्वस्त मिळतं" म्हणून. हे वाक्य आपल्याकडे दोन-तीन पिढ्या टिकून आहे आणि ते काही हवेतून आलेलं नाही. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरं आखाती देशांतल्या कमाईवर उभी राहिली. सुट्टीवर आलेला माणूस टू-इन-वन, टँग, निडोचा डबा, जाड ब्लँकेट, टॉर्च असं घेऊन यायचा, कारण त्यातलं बरंचसं इथे मिळतच नव्हतं किंवा मिळालं तरी परवडत नव्हतं. मुंबईचं मनीष मार्केट, चेन्नईचा बर्मा बाजार हे 'फॉरेन'च्या मालावरच नावारूपाला आले. दुबईशी आपलं नातं तर इतकं जुनं की एकेकाळी तिथल्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात परकीय चलन आटू लागलं, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपी' काढला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर दुबईनं तोही सोडला.

पण १९९१ नंतर आपला बाजार उघडला आणि आता तो टँगचा डबा कोपऱ्यावरच्या दुकानातही असतो. सवय मात्र जुनीच राहिली. म्हणून दुबईला निघताना पहिला प्रश्न 'काय स्वस्त आहे?' असा न विचारता 'घरी पोहोचेपर्यंत ते केवढ्याला पडेल?' असा विचारावा.

सुरुवात गुणाकारापासून करू. दिरहमला वीसनं गुणायचं, ही अनेकांची सोपी युक्ती. ती आता चुकीची आहे. १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे डॉलरपुढे रुपया घसरला की दिरहम आपोआप महागतो, आणि वीसचा भाव केव्हाच मागे पडला. समजा दिरहम २५ रुपयांना पडतोय आणि तुम्ही ३०० दिरहमची वस्तू मनातल्या मनात सहा हजारांची धरलीत, तर दीड हजार रुपये हिशोबातून गळले. निघायच्या दिवशी तुमच्या कार्डाला किंवा नोटांना खरोखर किती रुपये लागले तो आकडा फोनवर लिहून ठेवा आणि त्यानंच गुणा. दुकानातल्या कार्ड मशीननं "रुपयांत भरायचे की दिरहममध्ये?" असं विचारलं तर दिरहम निवडा. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर सहसा वाईट असतो.

मग येतो परत मिळणारा कर. दुबईत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि पर्यटकाला तो परत मागता येतो. दुकान योजनेत सहभागी हवं, खरेदी किमान २५० दिरहमची हवी, पैसे देण्याआधी पासपोर्ट दाखवायला हवा आणि विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी तपासणी करून घ्यायला हवी. हे सगळं केल्यावर कराच्या ८७ टक्के रक्कम मिळते, त्यातूनही प्रत्येक पावतीमागे ४.८० दिरहम कापले जातात. २५० दिरहमच्या पावतीवर हिशोब करून पाहा, हातात जेमतेम पाच दिरहम पडतात. मोठी खरेदी असेल तर जरूर मागा. पण पाच दिरहमसाठी मुलांना रांगेत ताटकळत ठेवायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता आपल्या बाजूचं विमानतळ. भारतात परतताना ठराविक रकमेपर्यंतचा नवा माल करमुक्त आणता येतो. २०१६ च्या नियमांत ती मर्यादा माणशी ५०,००० रुपये होती. असे आकडे बदलत असतात, त्यामुळे मागच्या सहलीच्या आठवणीवर किंवा कुणा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहा. यात एक बाब घरोघरी चुकते. चौघांच्या मर्यादा एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येत नाही. प्रत्येकाची मर्यादा त्याची त्याची. तान्ह्या बाळाच्या वाट्याला तर फक्त त्याचं वापरातलं सामान येतं, त्याच्या नावावर नवा फोन मोजला जात नाही. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप मात्र या मर्यादेबाहेर आणता येतो.

टीव्हीचा किस्सा अनेकांना आठवत असेल. दुबई, बँकॉक, सिंगापूरहून लोक मोठमोठे सपाट टीव्ही खोक्यासकट आणायचे, सामानाच्या पट्ट्यावर एकामागून एक टीव्हीच यायचे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं हे टीव्ही करमुक्त यादीतून काढले आणि सगळं गणितच फिरलं. तरीही "आमच्या भाऊजींनी आणला होता, काही झालं नाही" हे ऐकून आजही कुणीतरी खोकं उचलतंच.

सोन्यावर थोडं थांबायला हवं, कारण खरा घोटाळा तिथे होतो. देरा भागातल्या सोनेबाजारातून फिरताना डोळे दिपतात हे खरं आहे. सोन्याचा दिवसाचा दर ठरलेला असतो, घासाघीस होते ती मजुरीवर, आणि तिथे आपल्या बायका कुणाला हार जात नाहीत. पण 'बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम चालतं' हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते अर्धंच वाक्य आहे. ही सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पाच रात्री, सहा दिवसांच्या सहलीवर गेलेल्यांसाठी ती नाही. शिवाय ती दागिन्यांपुरती आहे, नाणी आणि बिस्किटं तिच्यात बसत नाहीत. सहलीवरून येताना सोनं आणलंच असेल तर लाल मार्गिकेवर जाऊन सांगायचं आणि कर भरायचा. न सांगता हिरव्या मार्गिकेतून निघालात आणि सापडलात तर सोनं जप्त होऊ शकतं, दंड होतो आणि प्रकरण अटकेपर्यंतही जाऊ शकतं. जुलै २०२४ मध्ये सरकारनं सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा दुबई आणि आपल्याकडच्या भावातली दरीही बरीच बुजली. माझं मत विचाराल तर बचत म्हणून दुबईहून सोनं आणण्यात आता राम नाही. घडण आवडली म्हणून घेत असाल तर गोष्ट वेगळी, मग पावती जपून ठेवा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तिकडे लग्नाला निघाला आहात आणि अंगावर घरचे ठसठशीत दागिने आहेत, तर जातानाच आपल्या विमानतळावर कस्टम्सकडून त्यांची नोंद करून दाखला घ्या. परतताना "हे आमचंच आहे" हे पटवून देण्यात रात्र जात नाही.

आणि ते पाकीट! दुबईत ओळखीचं कुणीतरी भेटतं, चहा पाजतं आणि निघताना म्हणतं, "वहिनी, एवढं छोटंसं आहे, माझा भाऊ येईल विमानतळावर घ्यायला." नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण बॅग तुमच्या नावाची, तर आतलं सगळंही तुमचंच धरलं जातं. चॉकलेटच्या डब्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे तिथे कुणी सहज मानत नाही. "आमचं वजन आधीच भरलंय हो" हे सोपं उत्तर पाठ करून ठेवा. तरुण मुलं बरोबर असतील तर त्यांनाही एक सांगून ठेवा. तिथे दुकानात मांडलेली ई-सिगारेट भारतात २०१९ पासून बंद आहे, ती आणणं हाच गुन्हा आहे.

बाकी मिक्सर, इस्त्री, भांडी यांच्या मोहात पडू नका. तिथली पिन तीन चौकोनी दांड्यांची असते, आपल्या बोर्डात बसत नाही. वॉरंटी आपल्याकडे चालेल का, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न सोडता कार्डावर वाचा. ड्रॅगन मार्टमधली शोभेची वस्तू चीनहून आलेली असते, आणि तिची सख्खी बहीण क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा दिल्लीच्या सदर बाजारात बसलेली असते.

मग आणायचं काय? जे तिथलं आहे ते. खजूर आणा, पण एकाच जातीचा पाच किलोचा खोका नको. अजवा, मेडजूल, खलास थोडे थोडे घ्या, चव पाहून. इराणी केशर सीलबंद आणि कमी घ्या. अस्सल काडी कोमट दुधात हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते, लगेच भडक रंग सुटला तर संशय घ्यावा. अत्तर मनगटावर लावून तासभर फिरा, मग ठरवा, कारण ऊदाचा पहिला वास आणि तासाभरानंतरचा वास यांचं एकमेकांशी काही जमत नाही. बिया, रोपं, कंद मात्र आणू नका, त्यांना वेगळे नियम आहेत.

मसाल्यांच्या गल्लीत काळी पडलेली, सुपारीसारखी टणक वाळकी लिंबं दिसतील. त्यांना लूमी म्हणतात. बंद पाकिटातली दहा-बारा घ्या, वर्षभर पुरतात. तुरीच्या वरणाला उकळी आली की एक लिंबू सुरीनं टोचून आत सोडायचं, दहा मिनिटांनी काढून टाकायचं. जास्त वेळ ठेवलं तर वरण कडू होतं.