टायरची कुंडी करा. पण आधी भोक पाडा!

जुने टायर, रंगाचे डबे, जुन्या बादल्या रंगवून केलेल्या कुंड्या गच्चीवर छान दिसतात. कचराही कमी होतो. पण पाण्याला वाट नसलेली कुंडी म्हणजे डासांचे पाळणाघर! डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. साधारण ७ ते १० दिवसांत नवे डास तयार होतात. पाणी आटले, तरी अंडी काही महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही. कडा घासाव्या लागतात. आडव्या टायरच्या खोबणीतले पाणी तर पटकन दिसतही नाही. तेव्हा ड्रिल आधी, ब्रश नंतर. तळाला भोके पाडा, खालची ताटली दर आठवड्याला घासून कोरडी करा. एवढे जमणार नसेल, तर टायर भंगारवाल्याकडे गेलेला बरा.