मांजराच्या अंगावरचे चट्टे



कन्नड तालुक्यातील पिशोर गावच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरच्या मांजरीच्या कानामागे आणि पुढच्या पायावर रुपयाएवढे केस गेलेले चट्टे पडले आहेत, ती सारखी अंग खाजविते, आणि आठवड्याभरापासून धाकट्या मुलाच्या दंडावरही तसाच गोल चट्टा उठला आहे. बैलांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध गोठ्यात शिल्लक आहे. तेच पाण्यात मिसळून मांजरीला चोळावे असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. लावावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

लावू नये. एवढेच उत्तर असते तर ते पोस्टकार्डावर मावले असते. पण हा प्रश्न एका घरचा नाही. कापूस आणि मका पिकविणाऱ्या आपल्या भागात गोठ्याच्या वळचणीला फवारणीची नाहीतर गोचिडांची बाटली नाही असे घर विरळाच, आणि जनावर ते जनावर, बैलाला चालते ते मांजराला का चालू नये, हा विचार कोणाच्याही मनात येतो. म्हणून आजचा सगळा मजकूर मांजरालाच देत आहे. गाई-म्हशींच्या पत्रांना पुढील अंकी उत्तरे मिळतील.

आधी बैल आणि मांजर यांतला फरक समजून घ्या. बैलाच्या पाठीवर ओतलेले औषध बहुतांशी पाठीवरच राहते. मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालविते, त्यामुळे त्याच्या अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू तासाभरात पोटात जाते. दुसरी गोष्ट यकृताची. बऱ्याच औषधांचे विष मोडून ते लघवीवाटे बाहेर टाकण्याची जी सोय बैलाच्या, कुत्र्याच्या किंवा माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. गोचिडांच्या औषधांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, परमेथ्रिन अशी नावे असतात. बाटलीवर ‘थ्रिन’ने संपणारे नाव दिसले की ती बाटली मांजरापासून दूर ठेवावी. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांतही परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते मानवते, मांजर त्याने दगावते. लाळ गळू लागते, कान व कातडी थरथरतात, मग अंगाला झटके येतात.

असे काही आधीच लावून झाले असेल तर वाट पाहत बसू नका. झटके येत नसतील तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घेऊन मांजर धुवा, कोरड्या फडक्यात गुंडाळून उबदार ठेवा आणि औषधाच्या बाटलीसह दवाखाना गाठा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न घालविता थेट निघा. तोंडात दूध, तेल, ताक काहीही ओतू नका. थरथरणाऱ्या जनावराच्या ते फुप्फुसात जाते.

गोठ्यातल्या बाटलीखेरीज घरगुती उपायही बरेच सांगितले जातात. जळके ऑइल, रॉकेल, तंबाखूचे पाणी, कापूर घातलेले तेल, निलगिरीचे तेल, करंजाचे किंवा निंबाचे घट्ट तेल यांपैकी काहीही मांजराला लावू नये. फिनाईल आणि पाण्यात टाकताच पाणी दुधासारखे पांढरे होते अशी जखम धुण्याची जंतुनाशके माणसाला बरी, मांजराला विषारी. जुन्या घरांच्या कोनाड्यात अजून एखादी गॅमेक्सिनची पुडी सापडते. त्या पावडरीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. ती मांजराला तर लावू नकाच, धान्यालाही लावू नका. हळदीने अपाय होत नाही, पण तिने नायटा गेला असेही होत नाही.

एका मांजरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारेही काही वाचक असतील. कणगीतले धान्य कोण राखते ते त्यांनी घरच्या बाईमाणसांना विचारावे. १९०८ साली आपल्या अमरावतीला असलेल्या ब्यूकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून, प्लेग टाळायचा तर गावोगाव मांजरे पाळा, असे सुचविले होते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज ठाऊक आहे, तेव्हा तो उपाय वाटला तितका सोपा नव्हता. पण घरात मांजर असले की उंदीर वस्तीला बिचकतात, हे त्याचे निरीक्षण आपल्याही अनुभवाचे आहे.

आता चट्ट्याकडे वळू. औषध शोधण्याआधी मांजर नीट पाहावे. दुपारी ते सुस्त असते तेव्हा जुन्या पंचात किंवा टॉवेलात गुंडाळून, तोंड तेवढे बाहेर ठेवून मांडीवर घ्या. दुसऱ्याने उजेडात केस उलटे सारून पाहावे. धरताना मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पिसाळण्याचा रोग मांजराकडूनही येतो. त्याला मिरची-चुना लावणे हा उपाय नव्हे.

सर्वांत जास्त वेळा जे सापडते ते म्हणजे पिसवा. कमरेवर, शेपटीच्या बुडाशी केस विरळ होतात, बारीक खपल्या येतात. पिसू दिसेलच असे नाही, ती पळते. पण केसांत मिरीच्या भुग्यासारखे काळे कण दिसतील. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त. उवा काढायची बारीक दातांची फणी याला उत्तम. मानेपासून शेपटीपर्यंत रोज फिरवावी आणि दर खेपेला साबणाच्या पाण्यात बुडवावी, म्हणजे निघालेल्या पिसवा बुडून मरतात. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना फणी आणि कोमट पाण्याची सौम्य साबणाची आंघोळ एवढेच करावे, आणि लगेच कोरडे करून उबेला ठेवावे. पिल्लांच्या हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या तर मात्र पिसवांनी रक्त फार पिले आहे. ती पिल्ले दवाखान्यातच न्यावीत, दोन दिवसांचा उशीरही त्यांना पुरतो.

मोठ्या मांजरासाठी मानेमागे टाकायचे थेंबाचे औषध मिळते. त्यावर मांजरासाठी असे स्पष्ट लिहिलेले असावे आणि वजनाप्रमाणे घ्यावे. पण नुसते मांजराला औषध देऊन पिसवा जात नाहीत, कारण त्यांची अंडी, अळ्या आणि कोष मांजराच्या अंगावर नसतातच. ते असतात वाकळीच्या घडीत, पोत्याखाली, सारवलेल्या जमिनीच्या फटीत. कोषातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून बसते. म्हणून मांजर जिथे झोपते ते फडके दर आठवड्याला कढत पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, कोपरे झाडून केर घराबाहेर दूर टाका, आणि हे निदान तीन महिने चालवा. एक महिन्यात कंटाळणाऱ्यांच्या घरी पिसवा परत येतात. मांजराच्या गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखे काही चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमीचा तुकडा. तो बहुधा पिसवा गिळल्याने होतो, त्याची गोळी वेगळी मागावी.

पिसवा म्हटले की आपल्या मराठवाड्यातील वडील मंडळींना १९९४ चा बीड जिल्ह्यातला मामला गावचा प्लेग आठवतो आणि छातीत धडकी भरते. मांजराच्या अंगावरची पिसू आणि प्लेग पसरविणारी उंदरावरची पिसू या दोन निराळ्या जाती आहेत. मांजराला पिसवा झाल्या म्हणून घाबरू नये. मात्र घरात, माळवदात एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले तर ते हाताने उचलू नका आणि आरोग्य केंद्राला कळवा.

पिशोरच्या भगिनींनी वर्णन केले आहे ते पिसवांपेक्षा नायट्याशी अधिक जुळते. गोल चट्टा, मध्ये केस तुटलेले, कडेला कोंडा, आणि मुख्य म्हणजे घरातल्या मुलाला तसाच डाग. नायटा ही बुरशी आहे. लहान पिल्लांना ती फार लवकर धरते. काही मांजरे तर दिसायला चांगली असतात आणि केसांतून बुरशी घरभर वाहतात. धडधाकट मांजर काही महिन्यांत आपोआपही बरे होते, पण तोवर घरातील मुले, म्हातारी माणसे आणि दुसरी जनावरे यांना प्रसाद मिळत राहतो. पशुवैद्य चट्ट्याच्या कडेचे केस उपटून तपासतात आणि पोटातून द्यायचे औषध सहसा सहा-आठ आठवडे किंवा त्याहून अधिक चालवतात. चट्टा भरला, केस आले, म्हणून मध्येच औषध सोडू नये. गळलेल्या केसांवरची बुरशी वर्षभरही जिवंत राहू शकते, तेव्हा अंथरुणे धुणे, उन्हात घालणे आणि केस झाडून जाळणे हा अर्धा उपचार आहे. तोवर मांजराला एका खोलीत किंवा ओसरीच्या एका कोपऱ्यात ठेवा, त्याला हाताळल्यावर हात धुवा, आणि मुलांच्या पांघरुणात घेऊ नका. मांजर गावाबाहेर सोडून येणे हा काही उपाय नाही. बुरशी घरात राहतेच, उलट उंदीर वाढतात.

मुलाच्या दंडाविषयी मला मांजरीपेक्षा जास्त काळजी वाटते. नायट्याला दुकानदार बहुतेक तीन-चार औषधे एकत्र असलेले मलम पुढे करतो. त्यात स्टेरॉइड असते. चार दिवसांत खाज थांबते, तांबडेपणा जातो, आणि सगळ्यांना वाटते की गुण आला. खरे तर अंगाची झुंज थंडावलेली असते आणि बुरशी खालून पसरत असते. गेल्या काही वर्षांत देशभर औषधाला न जुमानणारा नायटा वाढला, त्यात अशा मलमांचा मोठा हात आहे असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा मुलाला डॉक्टरांना दाखवा आणि घरी मांजराला चट्टे आहेत हे आवर्जून सांगा. मुलाच्या डोक्यात केस गेलेला डाग असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. मांजराचे मलम मुलाला आणि मुलाचे मांजराला, असे मात्र करू नका.

नायट्याशी गल्लत होते ती खरजेची. मांजराची खरूज कानाच्या कडेपासून सुरू होते, मग कपाळ, मान. कातडी जाड, राखट, सुरकुतलेली होते आणि मांजर रक्त येईतो खाजविते. ती सूक्ष्म किड्यांनी होते आणि एका मांजराकडून घरातल्या सगळ्यांना जाते, माणसालाही थोडे दिवस पुरळ येते. यावर आयव्हरमेक्टिनचा चांगला उपयोग होतो, पण बैलांसाठी आणलेले इंजेक्शन घरी टोचू नका. बैलाच्या मापातला एक थेंब इकडेतिकडे झाला तर तीन किलोच्या मांजराला तो फार होतो. नुसते कान झटकत असेल आणि कानात चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर कानातले किडे समजा. दिसणारा मळ कोमट खोबरेल तेलाच्या बोळ्याने हलकेच पुसा, काडी आत घालू नका, थेंब पशुवैद्याकडून घ्या.

बोक्याच्या गालावर किंवा शेपटीच्या बुडाशी गरम, दुखरी गाठ आली तर ती बहुधा भांडणातल्या दाताची. ती पिकून फुटते. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून दिवसातून दोनदा धुवावी. ताप असेल, खाणे सुटले असेल तर घरी बसू नये. पांढऱ्या मांजरांच्या कानाची टोके उन्हाळ्यात लाल होतात, खपली धरतात. पुढे ती जखम भरली नाही तर तो कर्करोगही असू शकतो. अशा मांजराला चैत्र-वैशाखात दुपारी सावलीत ठेवावे. केस सगळीकडेच रुक्ष, निस्तेज असतील तर ताटात पाहा. मांजर मांसाहारी प्राणी आहे, नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे अंग भरत नाही. उंदीर पुरेसे नसतील तर उकडलेले अंडे द्या. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे मांजर शेजारी जाऊन आपले पाहते, त्याला अडवू नका.

दवाखान्यात नेताना मांजर हातात धरून मोटारसायकलवर बसू नका. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्या, वरून फडके टाका. गावच्या दवाखान्यात मांजराचे औषध नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. निघण्यापूर्वी वजन करा. मांजराची सगळी औषधे वजनावर ठरतात आणि अंदाज नेहमी चुकतो. धान्याच्या काट्यावर आधी रिकामी टोपली, मग मांजरासह टोपली ठेवा आणि फरक कागदावर लिहून घ्या. आतापर्यंत अंगाला काय काय लावले तेही त्याच कागदावर लिहा, जळके ऑइल लावले असेल तर तेसुद्धा.