कुंपणच शेत खाते तेव्हा...

१० मार्च १९८७ ची रात्र. दक्षिण लंडनमधील सिडनॅम भागात ‘गोल्डन लायन’ नावाचा पब. डॅनियल मॉर्गन हा ३७ वर्षांचा खासगी डिटेक्टिव्ह तेथे आपल्या व्यवसायातील भागीदाराला भेटला. घरी पत्नी आणि दोन लहान मुले त्याची वाट पाहत होती. पण तो परतलाच नाही. पबमागच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या गाडीशेजारी तो मरून पडला होता. चेहऱ्यात कुऱ्हाड रुतलेली. मनगटावरचे घड्याळ गेले होते, पण खिशातले हजारावर पौंड जसेच्या तसे होते!

मग खून कशासाठी? डॅनियलच्या हाती काही पोलीस अधिकाऱ्यांची लफडी लागली होती आणि तो ती चव्हाट्यावर आणणार होता, असे थोरला भाऊ ॲलिस्टर सुरुवातीपासून सांगत होता. त्याचे ऐकणार कोण? ज्यांच्याकडे बोट होते, तपासही त्यांच्याच खात्याकडे!

आणि तपास तरी कसला? खुनाच्या जागेवर पहारा नव्हता की नीट झडती नव्हती. तपास पथकातला एक अधिकारी तर डॅनियलच्या भागीदाराचा जवळचा मित्र निघाला. पुढे पोलीस खाते सोडून तो त्याच कंपनीत, डॅनियलच्या रिकाम्या जागी भागीदार झाला.

त्यानंतर पुन्हा पुन्हा तपास झाले. अखेरचा खटला २०११ मध्ये कोसळला. साडेसात लाख पानांच्या पसाऱ्यातले सर्व आवश्यक कागद आरोपींना मिळाले आहेत, याची हमी सरकारी पक्षाला देता येईना. आजवर कोणावरही गुन्हा शाबीत झालेला नाही. पहिल्या तपासाला भ्रष्टाचाराची कीड लागली होती, ही कबुली मात्र त्या वर्षी पोलिसांनी दिली.

आई इझोबेल आणि ॲलिस्टर यांनी पिच्छा सोडला नाही. २०१३ मध्ये सरकारने स्वतंत्र समिती नेमली. जून २०२१ मध्ये तिचा बाराशेहून अधिक पानांचा अहवाल आला. नाव राखण्यासाठी स्वतःच्या चुका दडवणे हाही भ्रष्टाचारच, असे सांगून समितीने लंडनच्या पोलीस दलावर ‘संस्थात्मक भ्रष्टाचारा’चा ठपका ठेवला. तो दिवस पाहायला आई हयात नव्हती.

त्यावरही कडी म्हणजे समितीला मिळायला हवे होते असे काही कागद २०२३ मध्ये पोलीस मुख्यालयातल्याच एका कुलूपबंद कपाटात सापडले. त्याच वर्षी पोलिसांनी कुटुंबाची माफी मागून नुकसानभरपाई मान्य केली.

लाच खाणारा एखादा शिपाई पकडता येतो. पण खात्याची अब्रू झाकण्यासाठी गप्प बसणारे भले अधिकारी कोणत्या कलमाखाली पकडायचे? डॅनियलचा खुनी ३६ वर्षांत सापडला नाही, तो त्या गप्प बसण्यामुळेच, असे त्याच्या घरच्यांनी म्हटले तर त्यांना चूक कोण ठरवणार?