ईदी, खेळणी आणि चुंबकाच्या गोळ्या

गेल्या ईदला माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने ईदीच्या पैशातून चुंबकाच्या गोळ्यांची डबी आणली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, रंगीत, चकचकीत. त्याने साखळी केली, अंगठी केली आणि मग दोन गोळ्या गंमत म्हणून जिभेवर ठेवल्या. बहिणीने लगेच तोंडात बोट घालून काढल्या म्हणून निभावलं. "मामू, चॉकलेटसारख्याच तर दिसतात," तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. डबीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आयएसआयची खूणही नव्हती.

मुलाने नाणं गिळलं तर ते बहुतेक वेळा शौचावाटे पडून जातं. चुंबकाचं तसं नाही. दोन गोळ्या मागेपुढे पोटात गेल्या, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांतून त्या एकमेकींना ओढतात. मधली आतडी चिमटली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडतं. सुरुवातीला फक्त पोटदुखी आणि उलटी. आई-बापाला वाटतं, बाहेरचं काही खाल्लं असेल.

हा धोका मुंबई-पुण्यातही आहे. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्यात अंतराची भर पडते. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. लहान मुलाच्या आतड्याचं ऑपरेशन तालुक्याच्या गावी होत नाही, आणि इथे तर एकेक तास मोलाचा असतो.

कायदा नाही असं नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. मुलाला गिळता येईल असा जोरदार चुंबक खेळण्यातून सुटा होता कामा नये, हेही मानकात आहे. पण हाच माल 'मोठ्यांच्या विरंगुळ्यासाठी' म्हणून विकला की पळवाट सापडते. अमेरिकेने अशा गोळ्यांवर २०१४ साली नियम केला, २०१६ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा आणावा लागला. तिथे ही गत, तर आपल्या आठवडी बाजारात तपासायला कोण येणार?

म्हणून माझं म्हणणं आधी आपल्याच माणसांना आहे. मार्कंड्याची यात्रा असो की महाकालीची, ईदचा बाजार असो की उर्स, खेळण्यांची दुकानं लावणाऱ्यांत माझ्या ओळखीची, मोहल्ल्यातली पोरं आहेत. गरीब आहेत, उधारीवर माल आणतात, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, ही एक डबी आणू नका. गिऱ्हाइकापासून मालाचा ऐब लपवून केलेली कमाई हलाल कशी म्हणायची? त्या पैशात फुगे विका, बाहुल्या विका, लाकडी गाड्या विका.

आणि पालकांना एवढंच: चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी केळी चारत, वाट बघत बसू नका. ओकारी काढू नका. सरळ दवाखाना गाठा, "चुंबक आहे" हे स्पष्ट सांगा आणि एक्स-रे समोरून व बाजूने, दोन्हीकडून काढायला लावा, कारण चिकटलेल्या दोन गोळ्या समोरून एकच दिसू शकतात.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत दोन मिनिटं हे सांगता येईल. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई घरोघर सांगू शकतील. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही.

भाच्याची डबी मी काढून घेतली. तो रुसला. दुसऱ्या दिवशी त्याला पतंग आणून दिला.