प्रत्येक अशक्तपणा वयाचा नसतो

‘वय झालं, आता असं व्हायचंच.’ सत्तरीतल्या रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक हे हमखास म्हणतात. कधी कधी आम्ही डॉक्टरही म्हणतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात हे वाक्य महागात पडते.

नसेचा निरोप स्नायूपर्यंत अॅसिटिलकोलीन हे रसायन पोहोचवते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्नायूवरच्या, तो निरोप घेणाऱ्या जागांवरच हल्ला करते. मेंदू शाबूत, नस शाबूत, तरी स्नायू दमतो. हा तरुण स्त्रियांचा आजार, असा समज आहे. पण पन्नाशीनंतरही तो सुरू होतो, आणि त्या वयात पुरुषांत अधिक.

त्याची मोठी खूण म्हणजे सकाळी बरे, संध्याकाळी वाईट. दिवस कलला की पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात. जेवण अर्ध्यावर आले की घास चावत नाही, बोलता बोलता आवाज गेंगाणा होतो. विश्रांती घेतली की सुधारते. म्हातारपणाचा थकवा पापणी पाडत नाही. मात्र चेहरा अचानक वाकडा झाला किंवा हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून डॉक्टर ती वर उचलते का, हे पाहतात. पुढे रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, नसांची विद्युत चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन लागतो. कारण काहींमध्ये थायमस ग्रंथीची गाठ सापडते. आजार डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या रुग्णांत प्रतिपिंडे सापडत नाहीत. म्हणून एका निगेटिव्ह अहवालावर फाइल बंद करू नये.

पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आणि स्टेरॉइड यांनी बहुतेकांना चांगला आराम पडतो. उतारवयात स्टेरॉइड देताना साखर आणि हाडे सांभाळावी लागतात. खरा धोका उशिराचा आहे. श्वासाचे स्नायू थकले तर रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन यांसारखी नेहमीची प्रतिजैविकेही आजार एकाएकी बळावू शकतात. निदान झालेल्या प्रत्येकाने त्याची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि औषध घेण्याआधी दाखवावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत, थकव्याची तक्रार सांगणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला एक प्रश्न विचारला जायला हवा: ‘सकाळी कसं असतं आणि संध्याकाळी कसं?’ त्याला पैसे पडत नाहीत. उत्तर ऐकून घ्यायला दोन मिनिटे लागतात, तेवढी आपण द्यायला हवीत.